नळ आला, पाणी कुठल्या महिन्यात?

(एपिसोडचा लेखी मजकूर. अडखळणं, खोकणं आणि मध्येच आलेली मासळीवाल्या मावशींची हाक काढून टाकलीय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज अलिबागहून बोलतेय, घरूनच. अलिबाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहितीये. ओहोटीला चालत जायचा कुलाबा किल्ला, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो, पांढऱ्या कांद्याच्या माळा, शनिवार-रविवारचं ट्रॅफिक. हे सगळं खरं आहे. पण पेणच्या रस्त्याला लागून पोयनाडच्या बाजूला गेलात की एक वेगळं अलिबाग सुरू होतं. त्याला आम्ही खारेपाट म्हणतो. माझं आजोळ तिथलं. गावाचं नाव सांगत नाहीये, कारण मामाला अजून तिथेच राहायचंय.

खारेपाट म्हणजे खाडीला लागून असलेला सपाट पट्टा, अलिबाग आणि पेण दोन्ही तालुक्यांत पसरलेला. जुन्या लोकांनी खाडीच्या कडेने मातीचे बांध घातले, भरतीचं पाणी बाहेर अडवलं, पावसाचं पाणी उघाडीतून खाडीत सोडलं आणि आतल्या जमिनीत भात पिकवला. बांधाला खांड गेली की समुद्र शेतात शिरतो. जमीनच खाडीकडून घेतलेली, त्यामुळे विहीर खणली तरी बहुतेक ठिकाणी खारंच पाणी लागतं. आता गंमत बघा. अलिबागला वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग तुम्ही रडता कशाला? उत्तर सोपं आहे. पाऊस चार महिन्यांत पडतो, आमच्या काळ्या कातळावरून धावत खाडीत जातो आणि तहान बारा महिने लागते.

तर मामाच्या पडवीत दोन वर्षांपूर्वी नळ आला. सरकारी योजनेतून, छान सिमेंटच्या ओट्यावर. पावसाळ्यात त्याला पाणी असतं, दिवाळीपर्यंत असतं, होळीनंतर तो कुरकुरायला लागतो आणि एप्रिलमध्ये नुसती हवा सोडतो. मामीने त्याला बाजाराची पिशवी अडकवलीय. खुंटी म्हणून उत्तम आहे, असं ती म्हणते.

यंदा २६ जानेवारीच्या ग्रामसभेला मी तिथे होते. घरोघरी नळ आले, पाणी येतं, असा ठराव करायचा होता. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्याकडे ग्रामसेवकाला तसंच म्हणतात, ठराव वाचला. माणसं हात वर करायच्या बेतात होती, तेवढ्यात शेजारची आजी बसल्या जागेवरून म्हणाली, "नल आयला, खरा. पन पानी कंच्या महिन्यान मोजला?"

आजचा एपिसोड या एका प्रश्नावर आहे. गरिबी, भूक, पाणी यांसाठी सरकारच्या योजना खूप आहेत, आणि त्या खोट्या आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. पण योजना जे मोजते आणि माणसाला जे लागतं, त्यात फट कुठे राहते, ते बघू.

आधी नळ. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली. तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी साधारण १७ टक्के घरांत नळ होता, म्हणजे सहातल्या एका घरात. २०२४ पर्यंत सगळ्यांना द्यायचं ठरलं होतं. ते जमलं नाही, पण वाढ प्रचंड झाली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवली. महाराष्ट्रात निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. मधल्या काळात ठेकेदारांची बिलं थकली आणि कितीतरी गावांत कामं अर्धवट राहिली. टाकी उभी आणि पाइप नाही, किंवा पाइप पुरलेला आणि टाकी नाही, असं दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

योजनेचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर. ५५ लिटर म्हणजे किती? आपला पितळी हंडा साधारण १२ ते १५ लिटरचा धरा, म्हणजे माणशी चार हंडे. पाच माणसांच्या घराला २० हंडे, तेही घरात, न वाहता. आता टँकरचं माप घ्या. टंचाईत टँकर लागला की माणशी २० लिटरचा हिशेब धरतात. दीड हंडा. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ आणि घरी म्हैस असेल तर तिचीही तहान. एप्रिलमध्ये मामीकडे गेलात तर अंघोळीला बादली मागायच्या आधी दोनदा विचार कराल. खारेपाटात मुलगी द्यायची म्हणजे आधी पाण्याची चौकशी करायची, हे आमच्याकडे लग्न जमवताना आजही उघडपणे बोलतात.

आणि नुसतं पाणी येऊन चालत नाही. ते भारतीय मानकाप्रमाणे पिण्यालायक हवं, पुरेसं हवं आणि नियमित हवं. या तिन्ही अटी योजनेच्या कागदावरच आहेत, माझ्या मनातल्या नाहीत. विरघळलेल्या क्षारांची चांगली मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे एकदा विचारून बघा. आमच्या गावात दोघींना आपण त्या यादीत आहोत हेच माहीत नव्हतं.

आता फोन हातात आहेच तर जलजीवन मिशनचा डॅशबोर्ड उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव असं खाली खाली जाता येतं. तिथे दोन शब्द दिसतील, रिपोर्टेड आणि सर्टिफाइड. रिपोर्टेड म्हणजे खात्याने सांगितलं की सगळ्या घरांत नळ झाले. सर्टिफाइड म्हणजे ग्रामसभेने ठराव करून सांगितलं की हो, झाले. हा दुसरा शिक्का मुंबईत किंवा दिल्लीत बसत नाही, तो तुमच्या समाजमंदिरात सतरंजीवर बसलेल्या लोकांच्या हातांनी बसतो. म्हणून आजीचा प्रश्न महत्त्वाचा होता. जानेवारीत नळाला पाणी होतं. जानेवारीत मोजलं असतं तर गाव पास झालं असतं.

पण नळाला एप्रिलमध्ये पाणी का नसतं? पाइप हा शेवटचा भाग झाला. पाणी सुरू होतं तिथे, म्हणजे स्रोताशी, खरी गोष्ट आहे. अलिबाग तालुक्यातल्या कितीतरी गावांची आणि आदिवासी वाड्यांची भिस्त रामराजजवळच्या उमटे धरणावर आहे, आणि हे धरण बातम्यांत येतं ते गाळ आणि गढूळ पाणी याच दोन कारणांनी. धरणात गाळ साचला की पाण्याची जागा मातीने घेतली. नकाशावर धरण तेवढंच दिसतं, पोटात मात्र पाणी कमी. शेजारच्या पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबईपर्यंत जातं, आणि त्याच पेणच्या खारेपाटात वाशी-शिर्की भागातल्या गावांनी टँकरवर उन्हाळे काढलेत. नवी मुंबईवाल्यांवर राग नाही, तिथे माझा सख्खा भाऊ राहतो. पण नळ उघडताना हे पाणी कुठून आलं, हे त्याला माहीत असावं एवढंच.

तिसरी गोष्ट आमच्या किनाऱ्याची. किहीम, आवास, नागावपर्यंत बंगले झाले, प्रत्येकाला बोअरवेल, कुणाकुणाला स्विमिंग पूल. किनाऱ्याला जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. वरची गोड्या पाण्याची पातळी १ मीटरने उतरली की खालचं खारं पाणी, सिद्धांताप्रमाणे, साधारण ४० मीटर वर सरकतं. एकाला चाळीस! आपण वरून चमच्याने काढतो, खालून समुद्र बादलीने भरतो. आणि एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला कैक पावसाळे लागतात.

बरं, कागदावर पाणी आणि हंड्यात नाही, हे आजचं दुखणं नाही. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे, महाडची. चवदार तळं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल, पण सनावळी नीट बघा. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. ठराव मंजूर झाला ऑगस्ट १९२३ मध्ये. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळं खुलं केलं. कागदावर सगळं झालं. पण पाण्याला हात कोणी लावू शकला? कोणीच नाही. तीनेक वर्षं तळं खुलं होतं आणि बंदही होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. लगेच मार खाल्ला लोकांनी. तळ्याचं "शुद्धीकरण" झालं. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग कोर्टकज्जे झाले आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. ठरावापासून मोजलं तर १४ वर्षांनी.

मी हे का सांगतेय? त्या तळ्याची गोष्ट आणि मामाच्या नळाची गोष्ट एकच नाही, मुळीच नाही. तिथे माणसांना माणूस मानलं जात नव्हतं, इथे धरणात गाळ आहे. पण सरकारी ठराव आणि ओंजळ यांच्यात किती मोठं अंतर असू शकतं, याचं याहून जवळचं उदाहरण मला सापडत नाही.

आता भूक. पुन्हा अलिबाग तालुकाच. चरी नावाचं गाव. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला. खोतांची जमीन कसायचीच नाही. २५ गावं त्यात होती. पिकवणाऱ्याच्या घरात धान्य उरत नव्हतं, म्हणून पिकवणाऱ्यानेच नांगर खाली ठेवला. एक हंगाम नाही, १९३९ पर्यंत. लोकांनी लाकूडफाटा विकला, मासे-चिंबोऱ्या धरून दिवस काढले, उपाशी राहिले. डॉ. आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला, १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९३९ मध्ये कुळांना कायद्याचं संरक्षण मिळालं. आज आपण रेशनच्या रांगेत अंगठा लावतो तेव्हा हे आठवायला हरकत नाही की भुकेचा प्रश्न आमच्याकडे आधी जमिनीचा प्रश्न होता. पुढे त्याच्यावरच येतेय.

रेशन. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. ५ किलो म्हणजे रोजचे जेमतेम १६६ ग्रॅम. त्यातून ५७५-५८० कॅलरी मिळतात, म्हणजे कष्ट करणाऱ्या माणसाची पाव भूक. डाळ, तेल, भाजी, मासळी स्वतःच्या पैशाने. दिवाळी २०२२ ला १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल असं मिळालं, तेव्हा मामीच्या गावात लोकांनी तांदळापेक्षा त्याचीच जास्त चर्चा केली. तरीही या पाच किलोला कमी लेखू नका. २०२० मध्ये लॉकडाऊन होता, त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं, पत्रे उडाले, सुपाऱ्या-नारळ आडवे झाले. त्या महिन्यांत घरात भात शिजला तो रेशनच्या तांदळाचा.

पण रेशन मिळायला माणूस एका जागी लागतो, आणि आमच्या जिल्ह्यातले सगळ्यांत गरीब लोक एका जागी नसतात. ते म्हणजे कातकरी. पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढायचे, म्हणून कातकरी. महाराष्ट्रात तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कातकऱ्यांची मोठी वस्ती रायगडात आहे. भातकापणी झाली, दिवाळी झाली की मुकादम येतो, हातात उचल ठेवतो आणि कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातं. परत येतात पावसाच्या तोंडावर. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने घराला कुलूप, बहुतेक घराला कुलूप लावण्याइतकं दारही नसतं.

त्यांच्यासाठी "एक देश, एक रेशनकार्ड" ही खरोखर कामाची गोष्ट आहे. कार्ड गावचं असलं तरी भट्टीजवळच्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. आणि हे फार कमी जणांना माहितीये, सगळं धान्य एकाच ठिकाणी घ्यावं लागत नाही. भट्टीवर गेलेल्यांनी तिथे थोडं उचलायचं, वाडीवर राहिलेल्या म्हातारीने उरलेलं इथे. मशीन दोन्ही हिशेब जोडतं. अडतं कुठे? दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणून परत पाठवतो तिथे, आणि नवीन जन्मलेल्या पोराचं नाव कार्डावर नसतं तिथे. "मेरा राशन" ॲपवर कार्डावरची नावं आणि किती धान्य उचललं ते दिसतं. तुमच्या ओळखीत भट्टीवर जाणारं कुणी असेल तर जायच्या आधी पाच मिनिटं फोनवर बघून द्या. तक्रारीचा नंबर १९६७, फुकट आहे.

आता जमिनीवर येते. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर आहेत. तीन पिढ्या राहतायत, पण सातबारा शेठचा. आता विचार करा, सरकारला तिथे विहीर खणायचीय, नळ टाकायचाय, घरकुल बांधायचंय. पहिला प्रश्न काय? जागा कुणाची? मालकाची संमती नाही, काम नाही. पैसा मंजूर असतो, माणसं गरजू असतात, आणि फाइल एका ओळीवर अडते. यावर इलाज आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात, म्हणजे वाडी गावठाणात घेता येते. १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन ही योजना खास अशा जमातींसाठी सुरू झाली, घर, रस्ता, वीज, नळ सगळं एकत्र. चांगली आहे. पण जमिनीचा कागद सुटला नाही तर तीही त्याच ओळीवर येऊन थांबणार. माझं मत विचाराल तर रायगडात पाण्याची सर्वांत मोठी योजना तलाठ्याच्या कपाटात आहे.

रोजगाराबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर वेगळा एपिसोड करायचाय. मागेल त्याला काम, ही कल्पना महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर वापरली गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने १०० दिवसांच्या हमीचा कायदा केला. आता तुमच्यातल्या नोकरी करणाऱ्यांनी पगाराची स्लिप काढा. "पी.टी." म्हणून २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००? तो व्यवसाय कर. १९७५ मध्ये तो लावला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. म्हणजे शहरातल्या पगारदाराने गावच्या मजुराच्या कामाची हमी घ्यायची, असा तो करार होता. मला हे कळलं तेव्हा ते २०० रुपये पहिल्यांदाच टोचले नाहीत. आमच्या कोकणात रोहयोतून १९९० पासून १०० टक्के अनुदानावर आंबा-काजूच्या बागा झाल्या, डोंगर हिरवे झाले. फक्त बाग लावायला जमीन लागते, आणि कातकऱ्याकडे तीच नाही. तो त्या बागेत राखणीला राहिला.

असो. आजीकडे परत येऊ. २६ जानेवारीला तिच्या प्रश्नानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. भाऊसाहेब वाईट माणूस नाही, त्याच्यावरही वरून दबाव असतो. तो म्हणाला, आजी, मग लिहू काय? माझा मामेभाऊ, अकरावीत आहे, तो म्हणाला, ठराव पुढे ढकला, आम्ही मोजतो. सगळे हसले. पण ठराव पुढे गेला खरा.

पोराने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली काढलं. पाणी आलं त्या दिवसाच्या चौकोनात निळं टिंब, पाव तासाहून कमी आलं तर अर्धं टिंब. फेब्रुवारी जवळजवळ पूर्ण निळा. मार्चमध्ये होळीनंतर टिंबं विरळ होत गेली. एप्रिलच्या पानावर चार टिंबं आणि तीन अर्धी. १ मे च्या ग्रामसभेला तो ते कालनिर्णय काखेत मारून घेऊन गेला. भाऊसाहेबांनी पानं उलटून बघितली, आकडे इतिवृत्तात लिहून घेतले आणि खाली आजीचा अंगठा घेतला. त्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, एपिसोडच्या खाली टाकतेय.

पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला. तेव्हा नळाला पाणी असेल आणि मामीने पिशवी काढून ठेवलेली असेल. मामेभाऊ म्हणतो, त्या दिवशी एप्रिलचंच पान घेऊन जाणार.